तार चमकेपर्यंत

बसमधले सगळे एकदम हसले आणि भीमराज ओव्हाळला हसण्यासारखं काही सापडलं नाही. चाकणहून पहिली शिफ्ट घेऊन निघालेली कंपनीची बस मोशीच्या सिग्नलला अडकली होती आणि ड्रायव्हरनं नेहमीप्रमाणे रेडिओ लावला होता. पिंपरीतल्या एका कॉलेजचं ते लहानसं केंद्र. त्याचा आवाज चाकणपर्यंत पोचत नाही. मोशी आली की खरखर कमी होते आणि तिच्यातून माणसं बोलायला लागतात. आज तिथं कसलीशी विनोदी श्रुतिका चालू होती. गुणवंतराव नावाचा कुणी कंपनीतला कामगार, घरी आला की मांडीवर बेंजो घेऊन बसायचा, आणि त्यामुळे घरादाराची उडणारी तारांबळ, असा सगळा मामला. बेंजोवर एक धून वाजली. खालच्या सुरांवरून चढत चढत वरच्या तारेवर गेली, तिथं क्षणभर रेंगाळली, त्याच क्षणी कुत्रं रडलं, कुकरची शिट्टी झाली, आणि बस हसली. कुत्र्याला आणि कुकरला हसले असतील असं भीमराजनं धरलं. पण थोड्या वेळानं तीच धून पुन्हा लागली. या वेळी कुत्रं नव्हतं, कुकर नव्हता, नुसती धून होती, आणि ती वरच्या तारेवर पोचताच बस पुन्हा हसली. मागच्या सीटवरची ट्रेनी पोरं तर सूर यायच्या आधीपासूनच तयारीत बसलेली. भीमराजनं कान देऊन ऐकलं होतं. सूर जागेवर होता, चकचकीत होता, पितळी भांड्यावर ऊन पडावं तसा. मग हसताहेत कशाला? ‘काय भाऊ,’ शेजारी बसलेल्या साहेबरावानं कोपरानं ढोसलं, ‘सगळी बस हसायलीय अन् तुम्ही खिडकीबाहेर बघायलाव. झोपलाव का काय?’ साहेबराव लातूरकडचा, भीमराजच्याच प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या समोरच्या मशीनवर. भीमराज म्हणाला, ‘ऐकतोय की.’ आणि तो खरंच ऐकत होता, कारण एव्हाना त्याला कळलं होतं की ती धून त्याची आहे.

धून त्याची म्हणजे वाजवलेली त्याची, बांधलेली त्याला बेंजो शिकवणाऱ्या बुद्धभूषणदादाची. पण बोटं आपली आहेत हे माणसाला कळतं. तिसऱ्या बटणाची स्प्रिंग गेलेली, त्यामुळे ते दाबलं की सुराच्या आधी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. रेडिओतही तो आला. बेंजोचं ते टाइपरायटरसारखं बटण त्यानं अनेकदा उघडून बघितलं होतं आणि तसंच ठेवलं होतं, दादाच्या बोटांनी ते झिजलेलं होतं म्हणून. आता ते बटण मोशीच्या सिग्नलवर पन्नासेक लोकांसमोर टक् करत होतं. मग गुणवंतरावाची बायको म्हणाली, ‘अहो, पाहुणे उठायचं नाव घेईनात. जरा वाजवता का, म्हणजे निघतील.’ बस खदखदली. हे वाक्य भीमराजच्या बायकोचं, अंजलीचं होतं. पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, हात पुसत तिनं ते म्हटलं होतं, आणि तोही तेव्हा हसला होता, बायकोनं नवऱ्याची थट्टा करावी तशी ती थट्टा आहे असं समजून. त्यावर गुणवंतराव रेडिओत गरजला, ‘कान माझे कंपनीनं पास केलेत! तुमचे कुणी केलेत?’ आणि मागची पोरं त्याच्याबरोबर एका सुरात ओरडली. त्यांना ते पाठ होतं. म्हणजे हे आजचं नव्हतं, बरेच दिवस चाललं होतं. भीमराजचाच एरवी मोशी यायच्या आत डोळा लागायचा. शेवटी नावं आली. लेखन, श्रद्धा ओव्हाळ.

‘ओव्हाळ?’ साहेबराव वळला. ‘तुमच्यातलंच का हो कुणी?’

‘माझी मुलगी,’ भीमराज म्हणाला. हल्ली त्याचा आवाज मोठाच निघायचा, प्रेसवाल्यांचा निघतोच, पण हे दोन शब्द ड्रायव्हरपर्यंत गेले. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. माना वळल्या. कुणीतरी ‘काय सांगता राव!’ म्हणालं, मागून एक ट्रेनी उठून हात मिळवायला आला, ‘काका, मॅडमना सांगा, एक नंबर लिहितात.’ भीमराजची छाती फुगली. त्याची छाती अशी दोनदाच भरली होती. एकदा श्रद्धा बी. ए. झाली तेव्हा आणि एकदा त्याच्याही आधी, वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर दादानं सगळ्यांदेखत बेंजो त्याच्या मांडीवर ठेवला होता तेव्हा. आताही ती भरली, आणि त्याच फुगलेल्या छातीत खाली कुठंतरी एक खिळा राहून गेला होता. ‘लई बेस लिहिलंय पोरीनं,’ साहेबराव म्हणाला. ‘पण ह्ये कुणाचं घर असंल हो? असं येडं माणूस खरंच असतंय का?’ ‘असेल कुणीतरी,’ भीमराज म्हणाला, आणि बस हलली.

पुढचा रस्ता त्यानं डोळे मिटून काढला, पण झोप नव्हती. दादा दिसत होता. बुद्धभूषणदादा पिंपरीतल्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर होता आणि संध्याकाळी वस्तीतल्या गायन पार्टीचा धनी. पार्टी कसली, एक ढोलकी, एक पेटी, दोन कोरसवाले आणि दादाचा बेंजो. पण चौदा एप्रिलला ती पार्टी कुठल्या गल्लीत बसणार यावरून माणसं एकमेकांशी अबोला धरायची. भीमराज शाळेतून आला की दादासमोर बसायचा. दादा बोलायचा कमी. बेंजोच्या खालच्या तारांची जोडी तो पेटीवर मिळवायचा. वरची जोडी मात्र पेटी बंद करून, नुसत्या कानानं. पितळेची छोटी चावी खुंटीवर बसवायची आणि हळूहळू पिळायची. ‘ऐक. आत्ता ती मळकी हाय. आत्ता धुतली. आत्ता बघ, चमकली. चमकली की हात काढायचा. त्याच्यापुढं लोभ न्हाई करायचा.’ आणि दुसरी गोष्ट, जी तो दारू प्यायलेल्या पाहुण्यालाही ऐकवायचा, की चावी कुणाच्या हाती द्यायची नाही. बायकोच्या नाही, दोस्ताच्या नाही. ‘ज्यानं चावी दिली त्यानं कान दिला.’ दादा गेल्यावर बेंजो आणि चावी भीमराजकडे आली. पार्टी पांगली, गल्लीगल्लीत डीजे आले, ढोलकीवाल्यानं रिक्षा घेतली. भीमराज मात्र वर्षातून एकदा, विहाराच्या वर्धापनदिनी, वंदना झाली की दादाची धून वाजवत आला होता. त्यासाठी त्यानं कधी कुणाकडून चहाखेरीज काही घेतलं नाही. चावी त्यानं गेटपासच्या दोरीत ओवली होती. दिवसभर ती छातीवर असायची, आत प्रेस धडधडायचा, आणि बाहेर ती पितळेची चावी बनियनला घासत राहायची. या रविवारी पुन्हा वर्धापनदिन होता.

घरी तानुबाई, त्याची आई, पलंगावर मोबाइल कानाला लावून बसली होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. मुळशीकडच्या गावातून या शहरात येऊन तिचा जन्म गेला, पण बोली तशीच राहिली. ‘भीमा, ऐकलास का? आज पाव्हण्यांचं व्हतं.’ भीमराज चप्पल काढता काढता थांबला. ‘आई, तुला माहीत होतं?’ ‘आता काय मी भहिरी हाय व्हय? मीबी हाय की त्यात. ती म्हातारी. लई वंगाळ बोलती, पर खरं बोलती.’ भहिरी हा शब्द तिनं सहज टाकला आणि पुढं हसत राहिली. भीमराज स्वयंपाकघरात गेला. अंजली मेथी निवडत होती. त्याला एकदम विचारायचं नव्हतं, कंपनीत पार्ट तपासताना करतात तसं आधी सगळीकडून बघायचं होतं. पण तोंडातून तेच निघालं.

‘माझी वरची तार सुराच्या वर चढते का?’

अंजलीनं एक काडी मोडली, बाजूला टाकली. ‘आज कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही. बसमध्ये लोक हसले.’

‘मग झालं तर.’

‘काय झालं? चढते का नाही, ते सांग.’

‘चढते,’ ती म्हणाली. आणि मग, त्याच्या तोंडाकडं बघून, थोड्या हळू आवाजात, ‘बरीच वर्षं चढतेय. दरवर्षी जरा जरा.’ तो म्हणाला, ‘मग सांगायचं नाही?’ तेव्हा मात्र अंजलीनं मेथी खाली ठेवली. ‘सांगितलं नाही? मी सांगितलं. श्रद्धा गाण्याच्या क्लासला जायला लागली तेव्हा तिनं सांगितलं. तुम्ही काय म्हणालात आठवतंय का?’ त्याला आठवलं. कान माझे कंपनीनं पास केलेत. तुमचे कुणी केलेत? आज बस ज्या वाक्यावर ओरडली ते वाक्य या ओट्यापाशी उभं राहून त्यानं म्हटलं होतं, आणि म्हणताना त्याला गंमत नव्हती वाटली, अभिमान वाटला होता. कारण ते खरं होतं. प्रेस शॉपमध्ये वर्षातून एकदा कान तपासायची गाडी येते. डबीएवढ्या काचेच्या खोलीत बसवतात, कानावर जाड हेडफोन घालतात, आत बारीक ‘टीं’ वाजलं की हातातलं बटण दाबायचं. त्याच्या बरोबरीचे कितीतरी जण त्या खोलीतून खाली मान घालून बाहेर आले होते, कुणी स्टोअरला गेलं, कुणी गेटवर. भीमराज दरवर्षी पास. तरुणपणी तो कानात बोळेसुद्धा घालत नसे, मशीनचा आवाज ऐकला नाही तर मशीन कळणार कसं, असं म्हणायचा. साहेबराव त्याला विचारायचा, ‘भाऊ, तुमचे कान काय लोखंडाचे हायत का?’ आणि भीमराज म्हणायचा, ‘वादकाचे आहेत.’ आता मेथीच्या जुडीसमोर उभं राहून त्याला वाटलं, बायको आणि मुलगी एकीकडं, कंपनीची गाडी एकीकडं. यात कुणी तरी खोटं बोलतंय, आणि गाडीला खोटं बोलून काय मिळणार?

श्रद्धा आली तेव्हा तो हॉलमध्ये मांडीवर बेंजो घेऊन बसला होता आणि वाजवत नव्हता. तिनं बॅग न उतरवताच आजीकडं बघितलं, आजीनं पदर तोंडावर घेतला, आणि तिला कळलं. ‘पप्पा, कुठं ऐकलंत?’

‘बसमध्ये. मोशीला.’

‘मोशीला येतं?’ ती खरोखरच चकित झाली. ‘मला सांगितलं होतं भोसरीच्या पुढं रेंज नाही म्हणून.’ आणि मग स्वतःच्याच उत्तराची लाज वाटून ती त्याच्यासमोर फरशीवर बसली, लहानपणी बसायची तशी. भीमराजला वाटलं होतं तो रागावेल. पण समोर बसलेली ही मुलगी, जिचं नाव आज ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पेटीतून आलं होतं, तिच्यावर रागवायला त्याला जागा सापडेना. त्यानं विचारलं ते वेगळंच. ‘किती चढते?’

‘अर्ध्या सुराला थोडी कमी.’

‘आणि ते तू मोबाइलवर भरून घेतलंस. मला न सांगता.’

‘हो.’ ती नखांकडं बघत होती. ‘पण आधी नव्हतं घेतलं, पप्पा. आधी आम्ही वादक बोलावला होता. चांगला वादक, शिकलेला. त्याला म्हटलं, वरची तार थोडी चढवून वाजवा. त्यानं चढवली. पण ती चढवल्याबरोबर त्याचा हातच बिघडला. त्याला ती सहन होईना, प्रत्येक वेळी तिथं पोचला की तोंड वाकडं करून भरकन उतरायचा. नुसतं बेसूर झालं. कुणी हसलं नाही. तुम्ही कसे, तिथं जाता आणि थांबता. ऐटीत थांबता. बाकी सगळं जागेवर, लय जागेवर, हरकत जागेवर, आणि ती एकच तार.’ ती थांबली. ‘वाईट वादकावर एक भाग लिहिता येतो. दर आठवड्याला येत नाही. गुणवंतराव चांगला वाजवतो, म्हणून चाललंय ते.’

‘चांगला वाजवतो म्हणून लोक हसतात?’

‘चांगला वाजवतो म्हणून ऐकतात. हसतात ते त्या तारेला.’ तानुबाई पलंगावरून म्हणाली, ‘आन मला. मला पन हसत्यात.’ कुणी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. भीमराजनं नखी उचलली आणि वरची तार एकदा छेडली. ती चमकली. त्यानं श्रद्धाच्या तोंडाकडं बघितलं. तिच्या डाव्या डोळ्याची पापणी किंचित लवली, माशी आडवी गेल्यासारखी. ती पापणी त्यानं कितीतरी वर्षं बघितली होती. ती लहानपणी गाताना त्याच्याबरोबर वर जायची आणि तिथं तिची पापणी अशी लवायची, आणि त्याला वाटायचं, पोरगी सुरात रंगली. ‘क्लासमधल्या बाई मला म्हणायच्या, वरच्या षड्जाला तू चढतेस, कुणी शिकवलं तुला असं?’ श्रद्धा म्हणाली. ‘मी सांगितलं नाही कुणी ते. मी दोन्ही शिकले. क्लासला त्यांचा लावायचा, घरी तुमचा.’

त्या आठवड्यातच कान तपासायची गाडी कंपनीत आली. ती यायचीच होती, नोटीस लागली होती. पण भीमराजला ती बोलावल्यासारखी वाटली. जेवणाच्या सुट्टीआधी त्याचा नंबर लागला. गाडीतला मुलगा चटपटीत, बाहेर रांग लांब, त्याला उरकायचं होतं. काचेचं दार लागलं. प्रेसचा धडधडाट एकदम कापल्यासारखा थांबला, फक्त तळपायात राहिला. टीं. भीमराजनं बटण दाबलं. टीं. दाबलं. आणि तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात आलं की आपला उजवा पाय जमिनीवर ठेका धरतोय. एक, दोन, तीन, टीं. एक, दोन, तीन, टीं. मुलगा आपल्या घाईत एका लयीत कळ फिरवत होता, आणि भीमराजचा अंगठा समेवर पडत होता, ढोलकीची थाप पडावी तसा बिनचूक. टीं ऐकू येवो न येवो. त्याला दरवर्षीच्या खोल्या आठवल्या, दरवर्षीचा तो पाय. त्यानं कधी फसवायचं म्हणून दाबलं नव्हतं. लय सापडली की आवाज ऐकू आल्यासारखाच वाटतो. त्याच्या जागी दुसरा कुणी वादक असता तरी हेच झालं असतं. दादाची पार्टीसुद्धा अशीच असायची, मांडव फाटेल इतका गोंगाट असला तरी समेवर सगळे एकत्र यायचे, कुणाला कुणाचं काही ऐकू येत नसताना. तेव्हा हीच गोष्ट करामत म्हणून सांगितली जायची. भीमराजनं उजवा पाय उचलून डाव्या पायावर ठेवला आणि दाबून धरला. आता अंगठा मोकळा होता आणि त्याला काही आधार नव्हता. तो ऐकू लागला. काही नव्हतं. मग आणखी काही नव्हतं. शांतता इतकी मोठी झाली की तिच्यात आपल्याच नाडीचा आवाज यायला लागला, आणि मग काचेबाहेर मुलगा हात हलवताना दिसला. दार उघडलं. ‘काका, झोपलात का? बटण दाबा ना.’

‘झोपलो नाही,’ भीमराज म्हणाला. ‘ऐकतोय.’

‘मी केव्हाचा वाजवतोय.’

‘वाजव. पण एका ठेक्यात नको वाजवू. आडवंतिडवं वाजव.’ मुलानं त्याच्याकडं बघितलं, मग मशीनकडं, मग दार लावून घेतलं. या खेपेला त्यानं घाई केली नाही. भीमराज बाहेर आला तेव्हा त्या मुलाचा आवाज बदलला होता, ‘काका, डॉक्टरांना भेटावं लागेल तुम्हाला, वरचे आवाज तुमचे जवळजवळ गेलेत,’ आणि साहेबराव रांगेत उभा राहून हे सगळं ऐकत होता. कुणाच्या नजरेत दया आली की भीमराजची मान ताठ व्हायची, ती झाली. ‘काय झालं भाऊ?’ साहेबरावानं विचारलं. भीमराज म्हणाला, ‘नापास झालो.’ आणि मग, थोडं थांबून, ‘परवा विचारलंस ना, ते येडं माणूस खरंच असतं का म्हणून? ते मीच. गुणवंतराव. रविवारी विहारात वाजवणार आहे, ये ऐकायला.’ साहेबरावाला हसावं का नाही ते कळेना. तो म्हणाला, ‘येतो की,’ आणि दोन पावलं जाऊन परत वळून, ‘मग ते कुत्रं बी खरंच हाय का?’ ‘आहे,’ भीमराज म्हणाला. ‘खालच्या मजल्यावर. त्याचे कान चांगले आहेत.’

पण वाजवणार कसं? रविवारचं त्यानं बोलून टाकलं होतं आणि परतीच्या बसमध्ये तो त्याचाच विचार करत बसला. तार त्याच्या कानानं मिळवली तर ती चढणार, आणि या वर्षी मांडवातली माणसं ती चढण्याचीच वाट बघत बसलेली असणार. हसू दे, तो स्वतःला म्हणाला. पण ती धून गुणवंतरावाची नव्हती, दादाची होती. दादाच्या धुनीला दादाच्याच ओट्यावर माणसं हसणार. न वाजवावं, तर दादानंतर एकही वर्ष ती चुकलेली नव्हती. मग त्याला आठवलं, दादा म्हणायचा, चमकली की हात काढायचा. किती वर्षं ती चमकल्यावरही तो पिळत राहिला असेल? तार आपल्या जागी कधीच आलेली असायची, धुतलेली, स्वच्छ, आणि त्याच्या कानापर्यंत ते ऊनच पोचत नव्हतं म्हणून तो पुढं पिळायचा, आणखी थोडी, आणखी थोडी, अर्ध्या सुरापर्यंत, तेव्हा कुठं त्याला ती चमकायची. लोभ कुठून सुरू झाला हे लोभ करणाऱ्याला कळत नाही. चावी बनियनला घासत होती. त्यानं ती मुठीत धरली.

रविवारी दुपारी पिंपरीच्या जुन्या वस्तीत, विहाराच्या पायऱ्यांशी, चपलांच्या ढिगापाशी त्यानं ती दोरीतून सोडवली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, वर पंचशीलाचे ध्वज, आणि स्पीकरमधून कुणीतरी ‘हॅलो, चेक’ म्हणत होतं. श्रद्धा बेंजोची पेटी धरून उभी होती. त्यानं चावी तिच्यापुढं केली. तिला दादाचं वाक्य माहीत होतं. या घरात वाढलेल्या कुणालाही माहीत होतं. तिनं हात पुढं केला नाही. ‘पप्पा, तुम्हीच मिळवा. मी फक्त सांगते, पुरे म्हणून.’

‘ते पुरे मला पटणार नाही,’ भीमराज म्हणाला. ‘मी आणखी पिळीन. घे.’

तिनं घेतली. ओट्याच्या कडेला बसून तिनं पेटीवाल्याला वरचा षड्ज धरायला सांगितला आणि खुंटी उतरवायला लागली. अंजली तानुबाईला खुर्चीवर बसवून बाजूला उभी राहिली, हाताची घडी घालून, एखाद्याचं ऑपरेशन बघत असल्यासारखी. तार खाली आली. आणखी खाली. भीमराजला वाटलं, आता थांबेल. ती थांबली नाही. त्याच्या डोळ्यांदेखत ती तार मळत गेली, ओल्या दोरीसारखी झाली, आणि तिथं श्रद्धानं चावी काढली. ‘झालं?’ त्यानं विचारलं. ‘झालं,’ ती म्हणाली. तिची पापणी लवली नव्हती.

त्रिशरण, पंचशील झालं. सूत्रसंचालन करणारा धम्मरत्न, जो लहानपणी उघडा फिरताना भीमराजनं बघितला होता, माइकवर म्हणाला, ‘आणि आता, आपल्या सगळ्यांचे लाडके, रेडिओवरचे गुणवंतराव!’ मांडव खो खो हसला. मागे साहेबराव उभा होता, तो ओशाळून इकडं तिकडं बघायला लागला. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींना ढोसत होत्या, पदर तयार ठेवत होत्या. भीमराजनं माइक हातात घेतला. ‘हसून घ्या,’ तो त्याच्या त्या प्रेस शॉपच्या आवाजात म्हणाला, माइकची गरज नसताना. ‘पोटभर हसा. लिहिलंय माझ्या पोरीनं. तिचं नाव श्रद्धा भीमराज ओव्हाळ. आता धून ऐका. ती बुद्धभूषणदादाची आहे.’ आणि तो बसला.

खालच्या तारांवर बोटं आपोआप गेली. तिसरं बटण टक् म्हणालं, दोन-तीन ठिकाणी हसू फुटलं. धून चढायला लागली. एकेक सूर वर जाताना मांडवातला श्वास धरला जातोय हे त्याला छातीवर जाणवत होतं, जसा प्रेस खाली यायच्या आधी धरला जातो. वरची तार आली. त्यानं ती छेडली, आणि ती त्याच्या कानात पडली, मळकी, उतरलेली, मेलेली. सगळं अंग म्हणालं, चुकलं. बोट उचलून पळावं असं वाटलं, त्या शिकलेल्या वादकासारखं. इतकी वर्षं घरातल्या तीन बायका हेच सोसत बसल्या असतील, रोज, जेवणाची ताटं मांडता मांडता, आणि एकीनंही ऊठ म्हटलं नाही. उलट पाहुण्यांना सांगितलं, वाजवतात हो ते. भीमराज पळाला नाही. तो तिथं थांबला, नेहमीच्या ऐटीत, जितकं थांबायचं तितकं. कुणी हसलं नाही. पदर तोंडाशी नेलेल्या बायकांचे हात तिथंच राहिले. पहिल्या रांगेत तानुबाई, जिनं दादाला याच ओट्यावर ऐकलं होतं, खुर्चीत पुढं सरकून बसली आणि शेजारच्या बाईला मोठ्यानं म्हणाली, ‘ह्ये बघ. ह्ये त्याचं हाय.’ कुणाचं ते तिनं सांगितलं नाही.

धून उतरली आणि पुन्हा चढायला लागली, दुसऱ्या फेऱ्याला. आता वर काय आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं तारेकडं बघणं सोडलं. ओट्याच्या कडेला श्रद्धा उभी होती, चावी मुठीत घट्ट धरून, दोन्ही डोळे उघडे. सूर तिथं दिसत होता. भीमराजनं नजर तिच्या तोंडावर ठेवली आणि मान ताठ करून वरच्या तारेवर गेला.